व्यवस्थापन अभिकर्त्यांचा मोबदला
कंपनीचा कारभार पाहणाऱ्या पेढीस मिळणारे कमिशन. हल्ली बुलढाणा जिल्ह्यात असलेल्या खामगावच्या मोठ्या कापूसपेठेस १८७० मध्ये लोहमार्ग मिळाला व तेथील कापूस मुंबईकडे जलद जाऊ लागला. मुंबईच्या प्रारंभीच्या अनेक गिरण्यांत अभिकर्त्यास उत्पादनावर, पौंडामागे पाव आणा मिळे. त्यामुळे गिरणी तोट्यात गेली, तरी अभिकर्त्याची प्राप्ती अबाधित राही. झळ बसे ती भागधारकांना. १९३६ च्या दुरुस्तीने नव्या करारांतील मोबदला निव्वळ नफ्याशी जोडला. मात्र नफा नसतानाही किमान रक्कम देण्याची पळवाट ठेवली. १९५६ च्या अधिनियमाने नफ्याच्या १० टक्क्यांची कमाल मर्यादा घातली. ३ एप्रिल १९७० रोजी ही पद्धतीच संपुष्टात आली.