केसांचा कलप : काळेपणामागचे रसायन

वाढत्या वयाची पहिली खूण बहुधा कानशिलांवरील केसांत दिसते. ती झाकण्यासाठी कलप लावण्याची पद्धत शहरांइतकीच खेड्यांतही रूढ आहे. मात्र पाकिटावर ‘मेंदी’ असे छापले आहे, म्हणून आतील पदार्थ निर्धोक आहे, असे समजणे धोक्याचे ठरू शकते.

केस का पिकतात?

केसाला मेलॅनिन या द्रव्यामुळे रंग येतो. ते तयार करणाऱ्या मुळाशी असलेल्या पेशी वयोमानानुसार कमी होतात आणि नवा केस रंगाविना उगवतो. केस कोणत्या वयात पिकणार, हे प्रामुख्याने आनुवंशिकतेवर अवलंबून असते. आशियाई लोकांमध्ये पंचविशीपूर्वी केस पांढरे होणे अकाली मानले जाते. अशा वेळी ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा थायरॉइडचा विकार आहे का, हे तपासून घेणे इष्ट.

मेंदी आणि ‘काळी मेंदी’

मेंदीच्या पानांतील लॉसोन हे द्रव्य केसांतील केराटिनला चिकटते. त्याचा रंग नारिंगी-तांबूस असतो. निव्वळ मेंदीने पांढरे केस काळे होत नाहीत. मेंदीनंतर निळीच्या पानांची पूड लावल्यास काळसर छटा येते, पण तिला वेळ लागतो. थोडक्या वेळात गडद काळा रंग देणाऱ्या ‘काळ्या मेंदी’त बहुधा पॅराफिनिलीनडायअमाइन अर्थात पीपीडी हे रसायन असते. बाजारातील बहुतेक कायमस्वरूपी काळ्या कलपांचाही तोच आधार आहे. ‘अमोनियाविरहित’ या शब्दाचा अर्थ ‘पीपीडीविरहित’ असा होत नाही.

अॅलर्जीची लक्षणे

अमेरिकेतील त्वचातज्ज्ञांच्या एका संघटनेने २००६ मध्ये पीपीडीला त्या वर्षीचा प्रमुख अॅलर्जीकारक पदार्थ म्हणून घोषित केले होते. कलप लावल्यानंतर एक-दोन दिवसांत टाळू, कान व मानेला खाज सुटणे, पुरळ येणे, पापण्या सुजणे ही याची लक्षणे होत. अनेक वर्षे विनातक्रार कलप लावणाऱ्यालाही ही अॅलर्जी अचानक होऊ शकते आणि एकदा झाली की ती सहसा आयुष्यभर राहते. चेहरा सुजून श्वास घेणे कठीण झाल्यास तातडीने रुग्णालय गाठावे.

ही काळजी घ्या

* पाकिटावरील घटकद्रव्यांची यादी वाचावी.
* दर वेळी कलप लावण्यापूर्वी पाकिटावरील सूचनेनुसार थोडा कलप कानामागे किंवा कोपराच्या आतील बाजूस लावून ४८ तास वाट पाहावी.
* टाळूवर जखम असल्यास कलप लावू नये.
* भुवया व पापण्यांना केसांचा कलप कधीही लावू नये.
* हातमोजे वापरावेत. सांगितलेल्या वेळेपेक्षा अधिक काळ कलप ठेवू नये.
* त्रास झाल्यास कलप त्वरित धुऊन टाकावा आणि पाकीट घेऊनच त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे.

केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतात. त्यामुळे तीन-चार आठवड्यांत मुळे पुन्हा पांढरी दिसतात आणि रसायनाशी संपर्क वर्षानुवर्षे चालू राहतो. ज्यांना एकदा अॅलर्जी झाली आहे, त्यांनी शुद्ध मेंदीचा तांबूस रंग किंवा स्वच्छ, नीट कापलेले पांढरे केस पत्करणेच श्रेयस्कर.