मोटारीच्या बिल्ल्याचा रंग

गेल्या हिवाळ्यांत आमच्या एका स्नेह्यांनीं आम्हांस मुद्दाम आपल्या घरीं नेलें. त्यांच्या आजोबांच्या वेळची, रोल्स-रॉइस कंपनीची १९३४ सालची '२०/२५' जातीची मोटार पुष्कळ वर्षें छपराखालीं झांकून पडली होती. तिचा जीर्णोद्धार चालला होता. यंत्र सुरू झालें होतें, गाद्यांना नवें कातडें चढलें होतें. घोडें अडलें होतें तें एका लहानशा वस्तूपाशीं. रेडिएटरवर, एकमेकांत गुंतलेल्या दोन 'आर' अक्षरांचा जो बिल्ला असतो, त्याच्या मिन्याचा एके ठिकाणीं टवका उडाला होता, आणि पूर्वीं कोणीतरी त्या खळग्यांत साधा तेलरंग फासून ठेवला होता. बिल्ला काळा होता. स्नेही म्हणाले, "प्रोफेसरसाहेब, तुम्ही इतिहासाचे, तुम्हांला हें ठाऊकच असेल. या कंपनीचा मूळ बिल्ला तांबडा. रॉइससाहेब वारले तेव्हां सुतक म्हणून तो काळा केला. मग टवका भरण्यापेक्षां सगळाच तांबडा करून टाकला तर? गाडी आणखी जुनी दिसेल."

ही सुतकाची गोष्ट मोटारींच्या शोकिनांत फार प्रसिद्ध आहे, आणि ती टिकावी असेंच तिचें रूप आहे. सर हेन्री रॉइस २२ एप्रिल १९३३ रोजीं वारले आणि त्याच सुमारास बिल्ल्याचा तांबडा रंग जाऊन काळा आला. दोन गोष्टी एका वर्षीं घडल्या म्हणजे एक दुसरीचें कारण, असें मानण्याचा मोह भल्याभल्यांना आवरत नाहीं. परंतु कंपनीचे दुसरे जनक चार्ल्स रोल्स हे १२ जुलै १९१० रोजीं बोर्नमथ येथें विमानाच्या अपघातांत, ऐन तारुण्यांत गेले. तेव्हां बिल्ल्याचा रंग बदलला नाहीं. सुतकाची चालच असती तर ती तेव्हांच दिसावयास हवी होती. खरी हकीकत साधी आहे. रंग बदलण्याचें रॉइस हयात असतांनाच ठरलें होतें. त्या काळीं कंपनी केवळ सांगाडा आणि यंत्र तयार करी; वरची पेटी निरनिराळे गाडीकारागीर गिऱ्हाइकाच्या आवडीच्या रंगांत बांधून देत. तांबडा बिल्ला त्यांतील कित्येक रंगांशीं भांडे. काळा कोणाशींच भांडत नाहीं. एवढेंच! शोकाच्या जागीं रंगसंगति निघाली, याचें पुष्कळांना वाईट वाटतें. आम्हांलाही थोडें वाटलें. पण १९३४ सालच्या गाडीवर काळा बिल्लाच शोभतो, आणि तो पुसून तांबडा करणें म्हणजे जुन्या सनदेवरची तारीख खोडून आधींची घालण्यासारखें आहे.

बिल्ल्याचा रंग ही नुसती शोभा नसून एक प्रकारचा दाखला असतो, हें पाहावयाचें तर इटलींतील मिलान शहरीं जावें. तेथें २४ जून १९१० रोजीं स्थापन झालेल्या आल्फा कंपनीचा बिल्ला रोमानो कात्तानेओ नांवाच्या नकाशे काढणाऱ्या तरुणानें सुचविला असें सांगतात. स्फोर्झा घराण्याच्या किल्ल्यावरचा नाग ट्रामची वाट पाहतांना त्याच्या नजरेस पडला, अशी आख्यायिका आहे. एका बाजूला पांढऱ्यावर तांबडा क्रूस, हें मिलान शहराचें चिन्ह. दुसऱ्या बाजूला माणूस गिळणारा नाग, हें व्हिस्कोंती या जुन्या राजघराण्याचें. भोंवतीं निळें कडें, त्यांत कंपनीचें आणि शहराचें नांव, आणि त्या दोहोंमध्यें साव्हॉय राजवंशाच्या दोन गांठी. आतां गंमत अशी कीं, व्हिस्कोंतींच्या ढालीवरचा नाग निळा आहे आणि मोटारीवरचा हिरवा! ढालींच्या शास्त्राचें पुस्तक उघडून जो कोणी हा नाग 'शुद्ध' करावयास जाईल तो बिल्ला बिघडवील.

पुढें निकोला रोमेओ यांच्या हातीं कारखाना गेला आणि त्यांचें नांव कड्यांत आलें. १९२५ सालीं 'पी-२' गाडीनें जगांतील पहिलें अजिंक्यपद मिळविलें म्हणून भोंवतीं विजयपत्रांची माळ आली. दुसऱ्या महायुद्धांत कारखान्यावर बाँब पडले. युद्धानंतर कांहीं काळ रंगांचा थाट सोडून साध्या, तांबड्या पार्श्वभूमीच्या बिल्ल्यांवर भागवावें लागलें. जून १९४६ मध्यें इटालियन प्रजेनें मतदानानें राजपद काढून टाकलें, आणि बिल्ल्यावरच्या राजवंशाच्या गांठीही गेल्या. नेपल्सजवळ दुसरा कारखाना उभा राहिल्यावर १९७२ सालीं 'मिलान' हें नांवही गळालें. एवढा इतिहास दोन-अडीच इंचांच्या तबकडीवर मावलेला आहे. १९३८ च्या गाडीवर १९५० नंतरचा बिल्ला बसविणारा मनुष्य नकळत राजाला पदच्युत करतो!

परंतु कोणता रंग हें ठरलें तरी तो जुळवावा कसा, हा प्रश्न राहतोच. आणि येथें इतिहासकारानें कारागिराच्या पायाशीं बसावें हें उत्तम. जुने चांगले बिल्ले रंगविलेले नसत. त्यांवर मिना असे, म्हणजे रंगीत कांच. तांब्याच्या किंवा पितळेच्या पत्र्यावर ठसा मारून खोलगट घरें पाडीत, त्यांत कांचेची ओली पूड भरीत आणि सुमारें ८०० अंशांच्या भट्टींत ती वितळवून घेत. नंतर दगडानें घासून कांच व धातूच्या कडा एका पातळींत आणीत आणि कडांना मुलामा देत. आपल्याकडे जयपूरच्या दागिन्यांवर जें मिनाकाम पाहतों त्याचेंच हें भावंड. निळा रंग कोबाल्टनें येतो, हिरवा तांब्यानें, अपारदर्शक पांढरा कथलाच्या भस्मानें. तांबडा सर्वांत हट्टी. आंच जरा अधिक झाली कीं तो काळवंडतो.

या कांचेचा रंग उन्हानें विटत नाहीं. बिल्ला फिका वाटला तर बहुधा पृष्ठभाग घासलेला असतो किंवा भेगांत मळ बसलेला असतो. म्हणून नमुना घ्यावयाचा तो वरच्या झिजलेल्या तोंडावरून नव्हे, तर कडेच्या चौकटीखालीं झांकलेल्या भागावरून. पुष्कळ ठिकाणीं कांच पारदर्शक असते. उजेड तींतून खालच्या धातूपर्यंत जातो आणि धातूची झांक घेऊन परततो. त्यावर डबींतला रंग कितीही बेतानें लावला तरी तो मेलेला दिसतो, कारण त्याच्या आंत उजेड शिरतच नाहीं. पुन्हां भट्टींत घालावें तर मागच्या डाकलेल्या खुंट्या निखळतात, मुलामा जातो आणि जुनी कांच तडकण्याची भीति. तेव्हां लहान टवक्यासाठीं रंग कालवलेली एपॉक्सी राळ भरणें, हाच आजचा सुरक्षित मार्ग होय.

त्यांतही एक फसगत आहे. दुकानांतल्या दिव्याखालीं साडीला तंतोतंत जुळलेला पोलक्याचा खण घरीं अंगणांत आणतांच वेगळा निघतो, हा अनुभव आमच्या गृहिणीवर्गास नवा नाहीं. दोन रंगद्रव्यें भिन्न असलीं कीं एका उजेडांत जुळतात आणि दुसऱ्यांत फारकत घेतात. कांच आणि राळ यांचें तर गोत्रच वेगळें! मध्ययुगांतील ढालींच्या शास्त्र्यांना ही पंचाईत नव्हती. ते 'निळा' म्हणत आणि थांबत; कोणता निळा, हें चितारी पाही. नेमक्या छटेचा आग्रह कारखान्यांनीं आणला. अमेरिकेंत मन्सेल यांनीं १९०५ सालीं रंगाला जात, उजळपणा आणि गडदपणा अशीं तीन मापें दिलीं. जर्मनींत १९२७ सालीं चाळीस रंगांचा क्रमांकवार 'राल' संच निघाला. आज यंत्रानें छटा मोजतां येते, पण वाकलेल्या, चकाकणाऱ्या, नखाएवढ्या कांचेवर यंत्राचेंही मन स्थिर राहत नाहीं. शेवटीं डोळाच लागतो.

असो. स्नेह्यांकडे ज्या वृद्ध कारागिरांना बोलावलें ते मूळचे दागिन्यांवर मिना करणारे. काळ्यांत जुळवावयाचें तें काय, असें आम्हीं अज्ञानानें विचारलें. त्यांनीं कांहीं न बोलतां पांढऱ्या कागदावर राळेचे चार ठिपके टाकले आणि कागद खिडकीशीं धरला. एक निळसर होता, एक तपकिरी, एक राखी. चौथा तेवढा बिल्ल्याच्या जवळपास. मग तोच कागद त्यांनीं दिव्याखालीं नेला, आणि तेथें तिसरा जवळचा ठरला! "गाडी दिवसा दाखवणार कीं रात्रीं, तें ठरवा," म्हातारे म्हणाले. दिवसा, असें ठरलें. पूर्वींचा तेलरंग लांकडी काडीनें कोरून काढण्यांत सबंध दुपार गेली, आणि मग भरण्याचें काम थोड्याच वेळांत झालें.

चार पावलांवरून आतां कांहींच दिसत नाहीं. वाकून पाहिलें तर भरलेली जागा कळते. ती कळूं द्यावी, असें आम्हीं सुचविलें आणि स्नेह्यांनीं तें मानलें. आल्यागेल्याला ते आधीं सुतकाची गोष्ट सांगतात आणि मग ती खरी कां नव्हे तें सांगतात. पहिली ते अधिक रंगवून सांगतात, हें मात्र आमच्या नजरेंतून सुटलेलें नाहीं.