वस्तादांची क्रमवारी

दिवाळीत नातू नागपूरला आला होता. त्याला ते पिंजऱ्यातल्या मारामारीचं वेड. जड वजनाच्या गटात सगळ्यात मोठा कोण, फेडोर की स्टिपे मिओसिच, यावर दोन रात्री त्याचं फोनवर भांडण चाललं होतं. एक जपानात दोरांच्या रिंगणात लढला, दुसरा अमेरिकेत जाळीच्या पिंजऱ्यात. तुलना करायची कशी? मला म्हणाला, "आजोबा, तुमच्या पहिलवानांचं सांगा."

आमच्या घरी हा प्रश्न बाबांनी केव्हाच निकालात काढला होता. श्रीपती खंचनाळे! १९५९ साली दिल्लीत पंजाबच्या बंतासिंगला हरवून पहिले हिंदकेसरी झाले, विषय संपला. त्यांचं कात्रण बाबांनी हिशेबाच्या वहीला आतून चिकटवलं होतं.

पण मास्तरकी केलेल्या माणसाला निकष लागतो. माझा निकष गामाने दिला. १९१० मध्ये लंडनला मॅटवर झिबिस्को जवळजवळ अडीच तास पालथा पडून राहिला, कुस्ती निकाली झाली नाही. तोच झिबिस्को १९२८ मध्ये पतियाळाला मातीत उतरला, तर गामाला एक मिनिटसुद्धा लागलं नाही. माणसं तीच, जमीन बदलली. तेव्हा दोन्हीकडे जिंकेल तो मोठा.

(खाशाबांचं नाव का नाही, असं कुणीतरी विचारणारच. १९५२ चं हेलसिंकीचं कांस्य बँटमवेटचं. ही यादी थोराड गड्यांची आहे.)

या निकषावर गणपतराव आंदळकर पहिले. सांगली जिल्ह्यातल्या पुनवतचे, १९६० चे हिंदकेसरी. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत त्यांनी जड गटात फ्रीस्टाइलमध्ये रौप्य आणि ग्रीको-रोमनमध्ये सुवर्ण मिळवलं. बाबा म्हणायचे, "ग्रीको-रोमन ही काय कुस्ती आहे? पायाला हातच लावायचा नाही!" मी म्हणतो, बाबा, तीच तर गोष्ट आहे. मातीतला गडी पट काढायला लहानपणापासून शिकतो. त्याचा अर्धा भाता काढून घ्या, पायानेही डाव करू देऊ नका, आणि तरी तो सुवर्ण आणतो! हे मला त्यांच्या हयातीत सुचलं नाही. सुचलं असतं तरी बोलायची छाती नव्हती, ते वेगळं.

दुसरे कवठेपिरानचे मारुती माने. त्याच जकार्तात, एक गट खाली, फ्रीस्टाइलचं सुवर्ण आणि ग्रीको-रोमनचं रौप्य. १९६४ ला हिंदकेसरी. आंदळकरांच्या अगदी उलटा हिशेब. कुणी त्यांना पहिलं ठेवलं तर मी भांडणार नाही.

तिसरे दादू चौगुले. १९७० आणि ७१ असे लागोपाठ महाराष्ट्र केसरी, १९७३ ला हिंदकेसरी, आणि १९७४ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य.

म्हणजे खंचनाळे चौथे. त्यांचं राज्य मातीवरचं. हा आकडा लिहिताना हात अडखळला, खोटं कशाला सांगू? बाबांनी हे वाचलं असतं तर दोन दिवस माझ्याशी बोलले नसते. हरिश्चंद्र बिराजदारांनी सत्पालला हरवलं होतं, त्यांना कुठे बसवायचं ते अजून ठरत नाही.

यादी नातवाने वहीत उतरवून घेतली. खंचनाळ्यांच्या नावापुढे त्याने कंसात लिहिलं, "पणजोबांचे पहिले". मी खोडलं नाही.

पुण्याच्या मामांचा फोन येईलच. ते माने पक्षाचे!