नाताळ कधी येणार? एका चाकाची गोष्ट

नाताळच्या आधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ. बऱ्याच ख्रिस्ती घरांत तेव्हा हिरव्या पानांच्या चक्रावर चार मेणबत्त्या असतात आणि दर रविवारी मुलं त्यातली एक जास्त पेटवतात. हे आलं कुठून?

जर्मनीतल्या हॅम्बुर्गमधून. योहान हिनरिश विशर्न यांनी १८३३ मध्ये तिथे गरीब, निराधार मुलांसाठी 'राउएस हाउस' काढलं. डिसेंबर आला की मुलांचा एकच धोशा, नाताळ कधी? (आपण दिवाळीच्या सुट्टीसाठी करायचो तसाच.) १८३९ मध्ये त्यांनी एक लाकडी चाक घेतलं. त्या वर्षी १ डिसेंबरलाच रविवार होता, म्हणून २४ मेणबत्त्या: रविवारच्या चार मोठ्या पांढऱ्या, बाकी वीस छोट्या लाल. रोज एक वाढवायची.

या मुलांना नुसतं 'आशा ठेवा' म्हणून काय कळणार? बाहेर दिवस आखूड होत चाललेले, चारच्या सुमारास सूर्य मावळायचा. आत मात्र कालच्यापेक्षा एक ज्योत जास्त. शिवाय मोजणीही आपोआप शिकून व्हायची!

पुढे घराघरांत फक्त रविवारच्या चार उरल्या. मला विचाराल तर रोजची लाल मेणबत्ती गेली, हे वाईटच झालं. पाच वर्षांच्या पोराला आठवडा केवढा लांब वाटतो!