ध चा मा, खलिता आणि मॅग्नेटचा बॉक्स

"तू जुन्या पत्रांवर पीएच.डी. करतेस ना, मग सांग, पत्रिकेसाठी मॅग्नेटचा बॉक्स घ्यायचा की ड्रॉवरचा?" या लग्नसराईत हा प्रश्न मला तिघांनी विचारला. विचारणाऱ्यांच्या मते ती गंमत होती. पण खरं सांगायचं तर हा प्रश्न माझ्या प्रबंधाच्या पोटातलाच आहे. अठराव्या शतकातल्या मराठी पत्रांत काय लिहिलंय, यावर ढीगभर काम झालेलं आहे. मी बघते ते जरा वेगळं. पत्राची घडी कशी घातली, ते कशात ठेवलं, कशानं बंद केलं, कुणी नेऊन दिलं आणि समोरच्यानं ते कसं उघडलं.

आधी दुकानात जाऊ. नारायण पेठ आणि अप्पा बळवंत चौकाच्या परिसरात लग्नपत्रिकांची दुकानं आहेत, हे पुणेकरांना सांगायला नको. पूर्वी तिथे अल्बम समोर टाकायचे आणि आपण पानं उलटत बसायचो. आता पहिला प्रश्न येतो, "नुसती पत्रिका की बॉक्स?" बॉक्स म्हटलं की तीन प्रकार समोर येतात. एक टॉप-बॉटम, म्हणजे खाली डबा आणि वर सरळ उचलायचं झाकण. दुसरा मॅग्नेटचा, पुस्तकासारखा उघडणारा, बंद करताना टक् असा आवाज करणारा. तिसरा ड्रॉवर, रिबन ओढली की आतला कप्पा बाहेर येतो. आत एका बाजूला पत्रिका, दुसऱ्या बाजूला मिठाई किंवा सुकामेवा. शिवाय एक "शाही फर्मान" असतंच: मखमली नळी, दोन टोकांना लाकडी दांड्या, गुंडाळलेला कागद. पेशव्यांच्या नावाने हे खपवतात. माझ्या हाताखालून गेलेल्या एकाही मराठी पत्राला दांडी नव्हती, एवढंच नोंदवून पुढे जाते.

(आणि नारायणपेठी साडीचा या पेठेशी काही संबंध नाही. ते नारायणपेठ तेलंगणातलं.)

ही पेठ ज्याच्या नावाची, तो नारायणराव पेशवा म्हणजे माधवरावांचा धाकटा भाऊ. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी त्याचा खून केला. त्यामागची गोष्ट मराठी बोलणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते: रघुनाथरावांनी गारद्यांना लिहिलेल्या चिठ्ठीत "धरावे" होतं, आनंदीबाईंनी त्याचं "मारावे" केलं. ध चा मा. इतिहासकारांनी या गोष्टीवर भरपूर शंका घेतल्या आहेत आणि ती आख्यायिका म्हणूनच घ्यायला हवी. पण आख्यायिका म्हणून ती मला फार उपयोगी पडते. ती सांगणाऱ्या कुणालाही असं विचारावंसं वाटत नाही की चिठ्ठी बंद का नव्हती? लिहिणाऱ्याच्या हातातून सुटलेला कागद गारद्यांच्या हातात पडेपर्यंत मध्ये कुणीतरी तो उघडू शकतो, अक्षर बदलू शकतो, परत घडी घालून पुढे पाठवू शकतो. ऐकणाऱ्यांना हे अगदी शक्य वाटतं, कारण त्या काळच्या माणसांना ही भीती खरोखरच होती.

भीती होती म्हणूनच बंदोबस्त होता. मोठं पत्र लिहायचं तर कागदाचे बंद एकाखाली एक चिकटवत आणि सांध्यावर पाठीमागून शिक्का मारत. मधला एक बंद काढून तिथे दुसरा चिकटवला तर शिक्का जुळत नाही. मजकूर संपला तिथे मर्यादेची मुद्रा, म्हणजे खाली कुणी चार ओळी वाढवू नयेत. मग घडी, वर वेष्टन, त्यावर लाख. लखोटा म्हणतो तो हाच. लाख फुटलेली असली की घेणाऱ्याला कळायचं, आपल्या आधी कुणीतरी वाचलंय. आजच्या औषधाच्या बाटलीचं झाकण फिरवताना कडी तुटते ना, काम तेच.

दोन दरबारांमधली पत्रं मात्र नुसत्या लखोट्यात जात नसत. सोनेरी शिंतोडे उडवलेला कागद, तो आधी मलमलीच्या पिशवीत, ती पिशवी किनखापाच्या थैलीत, थैलीच्या तोंडाला गोंड्याची दोरी आणि दोरीला लटकलेली लाखेची भली मोठी मोहोर. हा खलिता. मूळ अरबी शब्द "खरीता", अर्थ थैली. आपल्याकडे मात्र खलिता म्हणजे थैलीतलं पत्र असा अर्थ रुळला. वेष्टनाने मजकुराचं नावच बळकावलं! पुढे इंग्रजांनीही ही पद्धत उचलली आणि कुठल्या संस्थानिकाला खलिता जाणार, कुणाला साधं पत्र, हे त्याच्या दर्जावर ठरू लागलं. थैली दारात आली की पत्र उघडायच्या आधीच आपली किंमत काय ठरली आहे ते समजायचं.

मराठी लिहिणाऱ्यांना हे नवीन नव्हतं. हेमाडपंताच्या नावावर चालत आलेल्या मेस्तकात कुणाला कुठला मायना लिहायचा, याचे नियमच आहेत. तीर्थरूप कुणाला, राजश्री कुणाला, चिरंजीव कुणाला, यात गल्लत झाली तर पत्राची सुरुवातच अपमानाने व्हायची. मायना आतला, थैली बाहेरची. दोन्हींचं काम एकच, माणसाला त्याच्या पायरीवर उभं करणं.

पत्र कसं उघडायचं यावरून राजकारण कसं तापायचं, याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या पुण्यातलंच आहे. १७९२ साली महादजी शिंदे उत्तरेतून पुण्याला आले, ते बादशहाकडून पेशव्यांसाठी वकील-इ-मुतलक या पदाची फर्मानं आणि खिलत घेऊन. सवाई माधवराव तेव्हा अठरा वर्षांचे. नाना फडणवीसांचा या प्रकाराला विरोध होता. वरवर पाहिलं तर मान मिळतोय, घेऊन टाकावा. पण बादशाही फर्मान घेण्याची रीत ठरलेली होती आणि ती रीत पाळली की घेणारा आपोआप बादशहाचा चाकर ठरत होता. पेशव्यांचे धनी तर साताऱ्याचे छत्रपती. शेवटी साताऱ्याची परवानगी आणून फर्मानबाडीचा समारंभ झालाच.

ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या इतिहासात त्याचं बारीक वर्णन केलंय. डेऱ्यांच्या टोकाला एक सिंहासन मांडलेलं, त्यावर बादशहा नाही, तर फर्मान, खिलतीची वस्त्रं आणि मानचिन्हं ठेवलेली. पेशव्यांनी तीनदा लवून मुजरा केला, १०१ मोहरांची नजर सिंहासनावर ठेवली आणि डाव्या बाजूला बसले. मग महादजींच्या फारशी चिटणिसाने फर्मानं वाचली. त्यानंतर खिलत: नऊ वस्त्रं, जडावाचे दागिने, ढाल-तलवार, कलमदान, शिक्का आणि दौत, मोरपिसांचे पंखे, नालखी, पालखी, घोडा, हत्ती. पेशवे शेजारच्या डेऱ्यात जाऊन ती वस्त्रं अंगावर घालून आले. आजच्या भाषेत याला अनबॉक्सिंगच म्हणावं लागेल. आत काय आहे हे जवळपास सगळ्यांना आधीच माहीत होतं. तरी कुणी आधी वाकायचं, कुणी वाचायचं, कुठल्या बाजूला बसायचं, यावरच सगळं अडलं होतं. नानांचा आक्षेप मला मुळीच खुळचट वाटत नाही. वस्तू कशी हाती येते याने वस्तूचा अर्थ बदलतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आता लग्नाकडे वळते, कारण इथे गोष्ट नेमकी उलटी आहे.

दरबारी पत्र लपवायचं असतं, लग्न चारचौघांना कळवायचं असतं. आपल्याकडे त्याची पद्धत होती अक्षत. कुंकवात रंगवलेले तांदूळ घेऊन घरची माणसं दारोदार जायची, पहिली अक्षत गणपतीला, पुण्यात बहुतेक घरांची कसब्याच्या गणपतीला, मग कुलदैवत, मग नातलग. कागद असला तर असला. निमंत्रणाचं वजन कोण आलं यावर मोजायचे. यजमान स्वतः आले, नुसता मुलगा आला, की भटजींच्या हाती निरोप आला? १७८३ साली सवाई माधवरावांचं लग्न झालं, त्याच्या व्यवस्थेची नाना फडणवीसांची यादी प्रसिद्ध आहे. पाहुण्यांच्या सरबराईपासून पंक्तीतल्या वाढपापर्यंत सूचना आहेत. ती वाचताना जाणवतं की मान वस्तूंपेक्षा माणसांच्या हालचालीतून दिला जात होता. म्हणजे लग्नाच्या निमंत्रणाला खलिता नव्हता असं नाही. घरी आलेला माणूस हाच त्याचा खलिता होता.

हे बदललं ते छापखाना आणि टपालामुळे. १८५४ मध्ये देशभर एकच टपालदर आला, १८७९ मध्ये पाव आण्याचं पोस्टकार्ड. मुंबईला, नागपूरला, बडोद्याला नोकरीसाठी पांगलेल्या नातलगांकडे अक्षत घेऊन जाणार कोण? छापील पत्रिका गेली. तिच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लावलं गेलं, कारण हाताचा काहीतरी खुणेपुरता स्पर्श हवा होता. अक्षतांची इवलीशी पुडी आत सरकली. आणि पाकीट चिकटवत नसत, नुसतं खोचत. बुक पोस्टाचा स्वस्त दर हवा तर पाकीट उघडून बघता आलं पाहिजे, असा टपालाचा नियम होता. लाखेच्या अगदी उलट टोक! वर्तमानपत्रात मग ती ओळखीची जाहिरात आली: गडबडीत कुणाला बोलवायचं राहून गेलं असेल तर हेच निमंत्रण समजावं. माणूस जाऊ शकत नाही, याची ती जाहीर दिलगिरी आहे.

आणि आता बॉक्स. माझं म्हणणं असं की माणसाचं येणं जितकं कमी होत गेलं, तितकं वेष्टन जड होत गेलं. आई-बाबा स्वतः येऊन सोफ्यावर बसून चहा घेऊन, कुंकू लावून पत्रिका देतात तेव्हा पाकीट कसलं होतं हे कुणाच्या लक्षातही राहत नाही. कुरियरवाला दारात ओटीपी मागतो, तेव्हा सगळा मान त्या खोक्यालाच द्यावा लागतो.

यातली बोचरी बाजूही सांगायला हवी. बॉक्स महाग, त्यामुळे घरोघरी आता तीन याद्या होतात. बॉक्सवाले, नुसती पत्रिकावाले आणि व्हॉट्सअ‍ॅपवाले. मेस्तक परत आलं म्हणा! एका सोसायटीत वरच्या मजल्यावर बॉक्स आणि खालच्या मजल्यावर पीडीएफ गेली की खालच्यांना कळतंच. अक्षतीच्या काळात पायऱ्या नव्हत्या असं मी म्हणणार नाही, भरपूर होत्या, जातीच्या तर होत्याच. पण शेजारच्या दोन घरांत वस्तू तीच जायची.

तर मग कुठला बॉक्स? विचारलंच आहे तर उत्तर देते. स्वतः जाऊन देणार असाल तर कुठलाच नको. चांगल्या कागदाची पत्रिका, अक्षता, आणि हवा तर वेगळा पेढ्यांचा पुडा. उरलेले पैसे पेट्रोलला. कुरियरने पाठवणार असाल तर टॉप-बॉटम टाळा. त्याचं झाकण उचलताना हळूहळू सुटतं, ती मजा खरी आहे, पण त्यासाठी टेबल आणि दोन हात लागतात, आणि प्रवासात झाकण निसटू नये म्हणून वरून चिकटपट्टी मारली की सगळी शोभा गेली. ड्रॉवर प्रवासात चांगला टिकतो, मात्र बाहेरून साधा खोका हवा आणि तुपातली मिठाई असेल तर आत बटर पेपर, नाहीतर डाग पत्रिकेपर्यंत पोचतात. मॅग्नेटचा बॉक्स दारात उभ्याउभ्या एका हाताने उघडतो. जिथे धावतपळत पाच-दहा घरं करायची आहेत तिथे तो सोयीचा. घरच्या मोठ्या माणसांसाठी मला तरी ड्रॉवर आवडतो. रिबन ओढायला सोपी, आणि आतलं एकदम अंगावर येत नाही.

एक सूचना माझ्या धंद्यातली. दफ्तरखान्यात आम्हाला रुमाल सोडला की पत्र मिळतं, ज्या थैलीतून ते आलं ती त्याच्याबरोबर असेलच असं नाही. तुमच्याकडे उलटं होणार आहे. लग्न झालं की पत्रिका रद्दीत जाईल आणि बॉक्स राहील. त्यात सुया-दोरे, बटणं, जुन्या चार्जरच्या वायरी, औषधांची पाकिटं पडतील, वीस वर्षं तो कपाटात असेल. दुकानदार बाहेरच्या झाकणावर फक्त दोघांची आद्याक्षरं सोनेरी फॉइलने उठवून देतात. त्याला सांगा, झाकणाच्या आतल्या बाजूला पूर्ण नावं, गाव आणि तारीखही छाप.