साज सगळ्यांचा, पानं जिची तिची

आमच्या आज्यांच्या पिढीला दागिन्यात ‘काहीतरी वेगळं’ हवं असायचं, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. कोल्हापुरात शेजारणीच्या गळ्यात जो साज तोच आपल्याला हवा असायचा, फक्त दोन पानं जास्त. मी गुजरीतल्या सोनाराची मुलगी. अंबाबाईच्या देवळापासून हाकेच्या अंतरावरचा हा बोळ आणि त्यातली ठोक-ठोक ऐकत वाढले, म्हणून एवढं ठामपणे सांगते.

साजाची पानं ठरलेली. शंख, कासव, मासा, भुंगा, चंद्र, बेलपान, नाग, वाघनख. पुरा साज एकवीस पानांचा, आणि त्याचा हिशेब असा सांगतात: विष्णूचे दहा अवतार, अष्टमंगलाची आठ, माणिक-पाचूची दोन आणि शेवटचं डोरलं. एकवीस पानं किती जणींच्या नशिबात होती हे विचारू नका. दहा-बारा पानांत बहुतेकींचा साज व्हायचा. नक्षी कारागिराच्या डोक्यातून यायची नाही, ती ठशात असायची. वडील सोन्याचा कागदासारखा पातळ पत्रा ठशावर ठेवून वरून ठोकायचे, की कासवाची पाठ वर यायची. मग पोकळीत लाख भरायची, मागून दुसरा पत्रा बसवायचा, कडा मिटवायच्या. पानांच्या मधले जवमणीही आतून लाखेचेच. त्यामुळं थोड्या सोन्यात गळा भरून दिसायचा. वजन करताना लाख वजा किती धरायची, यावरून मात्र दुकानात रोज एक तरी वाद व्हायचा.

म्हणजे छाप सगळ्या गावाची एकच. तरीही दोन बायकांचे साज सारखे नसायचे, कारण साज एकदम घेतलाच जात नसे. उसाचं बिल आलं की एक पान, म्हैस विकली की चार मणी, थोरल्याला नोकरी लागली की लाल खड्याचं पान. कुठली बाई कुठल्या पानावर थांबली आहे हे वडिलांना तोंडपाठ असायचं. गळ्याचं माप दोऱ्यानं घ्यायचं आणि तो दोरा गाठ मारून डबीत ठेवायचा.

पुतळीच्या माळेचीही हीच कथा, आणि ती तर परदेशी मालाची! व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यावर तिथल्या संत मार्कपुढं गुडघे टेकलेला सत्ताधीश आहे. व्यापारातून आलेली ही नाणी आमच्या बायकांनी खुशाल गळ्यात घातली. पुढं इथल्या सोनारांनी पातळ पत्र्यावर लक्ष्मी नि रामसीता उठवून तशाच पुतळ्या पाडल्या. तेव्हाही चलतीचाच माल होता तो. पण माळेत पुतळ्या किती, आणि कुठली कुणाच्या बारशाला आली, हे जिची माळ तिलाच ठाऊक.

सोनारावर लोकांचा विश्वास होता, असंही मी म्हणणार नाही. ‘सोनार, शिंपी, कुलकर्णी आप्पा, यांची संगत नको रे बाप्पा’ ही म्हण काही आभाळातून पडली नाही. गिऱ्हाईक समोर बसून राहायचं. मूस तापायची, जुना डाग आटायचा, कसोटीवर रेघ ओढली जायची, आणि बाई डोळ्याची पापणी न हलवता बघायची. इतकं करूनही दुकानापुढच्या गटारातली माती झारेकरी धुवून न्यायचे, त्यांचं त्यावर घर चालायचं. सोनं कुठं कुठं जायचं ते यावरून ओळखा.

या सगळ्याला पहिला धक्का बसला तो जानेवारी १९६३ मध्ये. चीनच्या युद्धानंतर अर्थमंत्री मोरारजी देसाईंनी सुवर्ण नियंत्रण आणलं आणि नवा दागिना चौदा कॅरेटच्या वर घडवायला बंदी केली. बावीस कॅरेटमध्ये सोनं शेकडा ९१.६, चौदामध्ये ५८ च्या आसपास. बाकीचं तांबं-चांदी. चौदाचा पत्रा कडक. ठशावर ठोकला की चिरायचा, असं वडील सांगत. देशभर सोनार बेकार झाले, काहींनी जीव दिला. आमचे काका साखर कारखान्यात लागले ते परत ऐरणीपाशी बसलेच नाहीत. पुढं गिऱ्हाईकाचा जुना डाग मोडून त्याच कसात पुन्हा घडवायची मुभा मिळाली, तेवढ्यावर गुजरी तगली. १९६६ मध्ये चौदा कॅरेटची अट उठली, पण १९६८ च्या कायद्यानं परवाने आणि नोंदवह्या मागं लावल्या. तो कायदा १९९० मध्ये गेला; तेव्हा अर्थमंत्री होते आपले मधू दंडवते.

कायदा गेला आणि कारागिराला मोकळा श्वास मिळण्याआधी दारात मोठी दुकानं उभी राहिली. तनिष्कचं पहिलं दुकान १९९६ मध्ये चेन्नईत निघालं. सोन्याचा कस दाखवणारं कॅरेटमीटर त्यांनी गिऱ्हाईकापुढं ठेवलं, तेव्हा बावीसच्या नावाखाली विकलेले कितीतरी डाग एकोणीस-वीसचे निघू लागले. याचा राग धरणारे सोनार मी पाहिलेत. मला विचाराल तर मशीननं बरंच केलं. २०२१ पासून हॉलमार्क सक्तीचा झाला तेही बरं. समोर बसून राखण करायचं कारणच उरलं नाही.

पण राखण गेली तसं बसणंही गेलं. आता दागिना काचेमागं तयार असतो, माप आपण त्याच्याशी जुळवून घ्यायचं. २०१३ मध्ये ‘होणार सून मी ह्या घरची’ ही मालिका सुरू झाली आणि वर्षभरात तिच्यातल्या जान्हवीचं मंगळसूत्र नाही असं दुकान राहिलं नाही. फॅशनला मी नाक मुरडत नाही. साजही फॅशनच होता. फरक इतकाच, की आजीला शेजारणीसारखाच हवा असायचा आणि तो तिचा एकटीचा होऊन जायचा. आताच्या सूनबाईला ‘युनिक’ हवा असतो, आणि त्याच साच्यातले शेकडो नग पेटीत भरून मुंबईहून आलेले असतात. एकटीसाठी खरोखर काही घडवायचं तर गुजरीतला बंगाली कारागीर आजही घडवतो. तोही छान घडवतो, मजुरी तेवढी जास्त पडते.

वाटणीच्या वेळी या गोष्टीचा खरा हिशेब होतो. साज ओवलेला असतो, म्हणून दोन लेकींत सुटा होतो: मासा-कासव एकीला, शंख-चंद्र दुसरीला, डोरलं कुणाला यावर थोडी रुसवाफुगवी. मग दोघी आपापल्या अर्ध्यात नवी पानं घालायला येतात आणि आम्ही जुन्या ठशांची पेटी उघडतो. साच्यातला अखंड हार आला तर मात्र वाटणीला एकच उपाय असतो, मूस.