फली नरीमन : व्यापारी दावे आणि लवादातले नावाजलेले वकील

फली नरीमन यांचा जन्म १९२९ मध्ये रंगूनला एका पारशी घरात झाला. दुसऱ्या महायुद्धात कुटुंबाला तिथून निघून भारतात यावे लागले. मुंबईत कायदा शिकून त्यांनी १९५० मध्ये मुंबई हायकोर्टात वकिली सुरू केली. १९७२ मध्ये ते अतिरिक्त सॉलिसिटर जनरल झाले; आणीबाणी लागताच जून १९७५ मध्ये त्यांनी राजीनामा दिला.

व्यापारी वाद आणि लवाद हे त्यांचे खास क्षेत्र. लवाद म्हणजे काय? वाद झाला तर कोर्टाऐवजी ठरलेल्या पंचाकडे जायचे, असे दोन्ही बाजू करारातच लिहून देतात. १९९६ च्या कायद्यानुसार पंचाचा निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच बजावता येतो आणि तो रद्द करून घेण्याची कारणे मोजकीच आहेत. व्यापारी लवादाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेचे नरीमन १९९४ ते २००२ अध्यक्ष होते.

भोपाळ वायुकांडात त्यांनी युनियन कार्बाइडची बाजू मांडली. पुन्हा संधी मिळाली तर तो दावा घेणार नाही, असे त्यांनी नंतर जाहीरपणे सांगितले. २१ फेब्रुवारी २०२४ रोजी त्यांचे निधन झाले.

वकिलीचा विचार करणाऱ्या आपल्या मुलामुलींनी हे क्षेत्र जरूर पाहावे, असे आम्हाला वाटते. आणि पालकहो, कर्जाच्या किंवा दुकानाच्या करारावर सही करण्याआधी लवादाचे कलम तेवढे वाचून घ्या.